अन्नसुरक्षा आणि पर्यावरण : जबलपूरच्या निमित्ताने

अन्न सुरक्षित असणे आणि ते ज्या भूमीतून व ज्या पाण्यावर पिकते ती भूमी व ते पाणी सुरक्षित असणे, या दोन गोष्टी आपल्याकडे दीर्घकाळ निरनिराळ्या मानल्या गेल्या. पहिली आरोग्य खात्याच्या कक्षेत, तर दुसरी पर्यावरण खात्याच्या. भेसळ पकडणारा निरीक्षक आणि नदीच्या पाण्याचे नमुने घेणारा अधिकारी यांची गाठ पडण्याचे कारणच नव्हते. गेल्या काही वर्षांत मात्र ही विभागणी अपुरी ठरू लागली आहे. कढईत उरलेले तेल गटारात ओतले तर तो पर्यावरणाचा प्रश्न होतो. तेच तेल पुन्हा कढईत पडले तर आरोग्याचा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पर्यावरणीय शाश्वततेच्या दिशेने केलेली वाटचाल याच संदर्भात समजून घ्यावी लागते.

वैधानिक चौकट

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम 2006 मध्ये संमत झाला. त्याने 1954 चा अन्न भेसळ प्रतिबंधक अधिनियम आणि अन्य अनेक आदेश यांची जागा घेतली. या अधिनियमान्वये 2008 मध्ये केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाच्या अखत्यारीत प्राधिकरण स्थापन झाले. अन्नपदार्थांची विज्ञानाधिष्ठित मानके ठरविणे आणि त्यांचे उत्पादन, साठवण, वितरण, विक्री व आयात यांचे नियमन करून जनतेला सुरक्षित व सकस अन्न उपलब्ध होईल हे पाहणे, हे त्याचे मूळ कार्य होय. प्रत्यक्ष अंमलबजावणी राज्यांचे अन्न सुरक्षा आयुक्त व त्यांच्या अधिपत्याखालील अधिकारी करतात.

पर्यावरणाचे रक्षण हे या संस्थेचे मूळ दायित्व नव्हे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि राज्यघटनेतील अनुच्छेद 47 पोषणमान व सार्वजनिक आरोग्य सुधारण्याचे, तर अनुच्छेद 48-अ पर्यावरणाच्या रक्षणाचे व संवर्धनाचे कर्तव्य राज्यावर सोपवितो. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये शीतपेयांसंबंधीच्या एका प्रकरणात घातक अन्नाचा प्रश्न अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काशी जोडला. शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी दुसरे (भूक निर्मूलन), तिसरे (आरोग्य) व बारावे (जबाबदार उपभोग व उत्पादन) ही तीन उद्दिष्टे अन्ननियमनाशी थेट निगडित आहेत. 2018 मध्ये प्राधिकरणाने सुरू केलेल्या ‘ईट राइट इंडिया’ अभियानात सुरक्षित अन्न व आरोग्यदायी अन्न यांच्या जोडीला शाश्वत अन्न हे तिसरे सूत्र आले, ते याच विचारातून.

जबलपूरच का?

केंद्रीय गृहनिर्माण व शहरी कामकाज मंत्रालय आणि प्राधिकरण यांनी एप्रिल 2021 मध्ये ‘ईट स्मार्ट सिटीज चॅलेंज’ ही स्पर्धा जाहीर केली. स्मार्ट शहरे, राज्यांच्या राजधान्या आणि पाच लाखांहून अधिक लोकवस्तीची शहरे तीत भाग घेऊ शकत होती. 7 जून 2022 रोजी, जागतिक अन्न सुरक्षा दिनी, 11 विजेत्या शहरांची नावे घोषित झाली. इंदूर, उज्जैन, सागर, चंडीगड, जम्मू, राजकोट, सुरत, राउरकेला, तुमकुरू व पणजी यांच्याबरोबर जबलपूरचाही त्यांत समावेश होता.

नर्मदेच्या काठी वसलेले हे शहर मराठी वाचकांना परके नाही. 1817 पर्यंत ते नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत त्याची राजधानी नागपूरच होती. आचार्य विनोबा भावे यांनी त्याला ‘संस्कारधानी’ म्हटले. आज येथे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ, 1964 मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आणि तणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. जिल्हा हिरव्या मटारासाठी, तर शहर खव्याच्या जिलेबीसाठी प्रसिद्ध आहे. शेत, संशोधन, बाजार, कढई आणि नदी या अन्नसाखळीच्या पाचही कड्या येथे एकाच ठिकाणी दिसतात. म्हणूनच राष्ट्रीय धोरणाचा परिणाम तपासण्यासाठी असे शहर सोयीचे ठरते.

तळणाच्या तेलाचा प्रश्न

तेल वारंवार तापविल्याने त्याचे जलीय विघटन, ऑक्सिडीकरण व बहुलकीकरण होते. त्यातून जी संयुगे निर्माण होतात, त्यांच्या एकत्रित प्रमाणास ‘एकूण ध्रुवीय संयुगे’ म्हणतात. हे प्रमाण 25 टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल अन्नासाठी वापरता येत नाही. हा नियम 1 जुलै 2018 पासून लागू झाला. हाती धरता येणाऱ्या मापकाने हे प्रमाण जागच्या जागी काही मिनिटांत मोजता येते.

परंतु केवळ मनाई करून प्रश्न सुटत नाही. बाद झालेले तेल जाणार कोठे? ते मोरीत ओतले तर नलिका तुंबतात, पाण्यावर तवंग येतो व हवेतील प्राणवायू पाण्यात विरघळण्यास अडथळा होतो. ते स्वस्तात विकले तर दुसऱ्या कोणाच्या कढईत जाते. यावर उपाय म्हणून 10 ऑगस्ट 2018 रोजी, जागतिक जैवइंधन दिनी, प्राधिकरणाने वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची योजना सुरू केली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ‘रुको’, म्हणजे ‘थांबा’, हा शब्द तयार होतो. मिथेनॉलशी अभिक्रिया घडवून अशा तेलापासून बायोडिझेल तयार करता येते व ग्लिसरीन हे उपउत्पादन मिळते. 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले असल्याने या तेलास बाजारपेठही मिळू शकते.

दररोज 50 लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांनी त्याची नोंद ठेवावी आणि वापरलेले तेल अधिकृत संकलकांनाच द्यावे, असे बंधन 1 मार्च 2019 पासून आहे. मोठी उपाहारगृहे व फरसाणाचे कारखाने यांत येतात. रस्त्याकडेचा समोसेवाला मात्र येत नाही. समजा, एक गाडीवाला रोज 5 लिटर तेल वापरतो. अशा 100 गाड्यांचे मिळून 500 लिटर होते, पण त्यांपैकी एकालाही नोंदवही ठेवावी लागत नाही. 25 टक्क्यांची मर्यादा त्यालाही लागू आहे. मात्र कढईतले तेल रोज टाकून देणे त्याच्या मिळकतीला झेपणारे नाही. दंडाच्या भीतीपेक्षा जुन्या तेलाला रास्त भाव आणि ते दारातून उचलणारी व्यवस्था त्याला अधिक उपयोगी पडेल. जबलपूरसारख्या शहरात योजनेची खरी कसोटी येथेच लागते.

एप्रिल 2023 मध्ये केंद्राने देशभरात 100 आरोग्यदायी खाद्यपथे विकसित करण्याचा आणि प्रत्येकासाठी 1 कोटी रुपयांचे साहाय्य देण्याचा उपक्रम हाती घेतला. विखुरलेले विक्रेते एका जागी आले की स्वच्छ पाणी, कचऱ्याची विभागणी आणि तेलाचे संकलन या तिन्ही सोयी सामायिक करता येतात.

उरलेले अन्न

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांना उपलब्ध झालेल्या अन्नाच्या ते 19 टक्के होते. यांपैकी 60 टक्के घरांत, 28 टक्के उपाहारगृहादी सेवांत, तर 12 टक्के किरकोळ विक्रीत वाया गेले. अन्नाची हानी व नासाडी यांतून जागतिक हरितगृह वायूंच्या 8 ते 10 टक्के उत्सर्जन होते. दरडोई नासाडी 2030 पर्यंत निम्म्यावर आणणे हे लक्ष्य 12.3 मध्ये समाविष्ट आहे.

प्राधिकरणाने अतिरिक्त अन्नाच्या संकलन व वितरणाविषयी 2019 मध्ये विनियम केले व ते 1 जुलै 2020 पासून अमलात आले. देणारा व वाटणारा या दोघांची जबाबदारी, अन्न वेगळे ठेवण्याची पद्धत आणि नोंदी यांची रीत त्यांत घालून दिली आहे. हे विनियम दानाची सक्ती करीत नाहीत. दान सुरक्षित कसे करावे एवढेच सांगतात. विवाह समारंभात उरलेले अन्न रात्री उशिरा कोणी उचलायचे व कोठे पोहोचवायचे, याचे उत्तर शहरानेच शोधावयाचे असते. जे अन्न वाटण्यायोग्य राहत नाही, ते कचऱ्यात जाते. जबलपूरमध्ये कठौंदा येथे 2016 मध्ये कचऱ्यापासून वीजनिर्मितीचा प्रकल्प उभा राहिला. परंतु ओला कचरा जाळण्यापेक्षा तो मुळात होऊ न देणे केव्हाही श्रेयस्कर.

वेष्टन : दोन उद्दिष्टांतील ताण

सुरक्षितता व शाश्वतता या दोन गोष्टी नेहमीच हातात हात घालून चालतात, असे मात्र नाही. 2018 च्या वेष्टनविषयक विनियमांनी पुनर्चक्रित प्लॅस्टिकमध्ये अन्न बांधण्यास मनाई केली, कारण अशा प्लॅस्टिकमधील अनोळखी रसायने अन्नात उतरू शकतात. वर्तमानपत्राच्या कागदालाही शाईतील घटकांमुळे बंदी झाली. उलटपक्षी, पुनर्चक्रित प्लॅस्टिकला मोठी मागणी मिळाल्याखेरीज प्लॅस्टिक कचऱ्याचे ढीग कमी होणे कठीण. अखेर 2022 मध्ये विनियमांत दुरुस्ती करून मार्गदर्शक तत्त्वांच्या अधीन राहून अशा प्लॅस्टिकला वाट मोकळी करण्यात आली. त्याच वर्षी 1 जुलैपासून ताटल्या, पेले, चमचे आदी एकल वापराच्या प्लॅस्टिक वस्तूंवर पर्यावरण मंत्रालयाची बंदी आली. मार्च 2024 मध्ये प्राधिकरणाने अन्नातील सूक्ष्म प्लॅस्टिककणांच्या मापनपद्धती निश्चित करण्यासाठी लखनौ व कोची येथील संशोधन संस्था आणि पिलानीच्या बिट्स यांच्या सहकार्याने प्रकल्प हाती घेतला. टाकलेले प्लॅस्टिक पाणी व मातीमार्गे पुन्हा ताटात येते की काय, हा प्रश्न आता या संस्थेच्याही अभ्यासाचा विषय झाला आहे.

शेतापासून ताटापर्यंत

अन्नातील कीटकनाशकांच्या अवशेषांची कमाल मर्यादा प्राधिकरण ठरविते. परंतु तयार मालाचा नमुना नापास झाल्याने शेतातली माती शुद्ध होत नाही. तणनाशकांचा वापर कमी व नेमका कसा करावा, हे शिकविणारी जबलपूरची संशोधन संस्था आणि मटार पिकविणारा शेतकरी यांच्यातील दुवा म्हणूनच महत्त्वाचा आहे. सेंद्रिय अन्नाविषयीचे 2017 चे विनियम व ‘जैविक भारत’ हे बोधचिन्ह यांमुळे ग्राहकाला निवड करणे सोपे झाले. 2023 मध्ये 15 प्रकारच्या भरड धान्यांसाठी सामायिक मानके आली. कमी पाण्यावर येणाऱ्या या पिकांना चांगला बाजार मिळण्यास त्यांचे साहाय्य होऊ शकेल.

प्रगतीचे मोजमाप

आतापर्यंतच्या वाटचालीत नियम, योजना व स्पर्धा यांची संख्या लक्षणीय आहे. अभ्यासकाने मात्र साधने, कार्यवाही व परिणाम यांत भेद केला पाहिजे. विनियम हे साधन होय. किती ठिकाणी तपासणी झाली व किती तेल गोळा झाले, ही कार्यवाही. आणि कढईत जुने तेल परतणे थांबले काय, नाल्यातील तवंग कमी झाला काय, हा परिणाम. शहराला मिळालेले पारितोषिक पहिल्या दोहोंची पावती देऊ शकते, तिसऱ्याची नव्हे. शिवाय अन्न सुरक्षा अधिकारी राज्याचा, कचरा महानगरपालिकेचा, नदीच्या पाण्याचे परीक्षण प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आणि इंधन पेट्रोलियम कंपन्यांचे, अशी जबाबदारी विभागलेली आहे. त्यांच्यात समन्वय नसेल तर प्रत्येक खात्याचा अहवाल समाधानकारक असूनही नाला तसाच राहू शकतो.

समारोप

अन्नाचे नियमन करणाऱ्या संस्थेने पर्यावरणाकडे वळणे हा विषयांतराचा भाग नसून तिच्या मूळ कार्याचाच विस्तार आहे. कारण दूषित पाण्यावर व मातीवर सुरक्षित अन्न फार काळ पिकू शकत नाही. चौकट आज उपलब्ध आहे. तिच्यात छोट्या विक्रेत्याला सामावून घेणे हे पुढील काम होय. जबलपूरच्या गाडीवाल्याला संध्याकाळी उरलेले तेल विकून चार पैसे मिळतील आणि ते नर्मदेकडे वाहणाऱ्या नाल्यात न जाता इंधनाच्या टाकीत जाईल, तेव्हा या धोरणाची प्रगती आकड्यांवाचूनही दिसू लागेल.