जुनं इंजिन, नवं टायमिंग

चंद्रपूरच्या मे महिन्यात जुन्या पेट्रोल इंजिनाचा खरा कस लागतो. २०१९ च्या मेअखेरीस इथला पारा ४८ अंशांवर गेला होता. ताडोबाच्या जंगलरस्त्यावर गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते, रेडिएटरला वारा मिळत नाही. वाघ दिसला की इंजिन बंद करायचं आणि त्याने वाट सोडली की तापलेलं इंजिन पुन्हा चालू करायचं. जुनी कार्ब्युरेटरची मारुती जिप्सी नेमकी अशा वेळी रुसते, चढावर इंजिन खटखट करतं. यात काही दोष उन्हात वाफ होणाऱ्या पेट्रोलचा असतो, पण बराचसा टायमिंगचा, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेचा.

इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात क्रँक १८ अंश फिरतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण जळायला याहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून पिस्टन वर पोहोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते: इंजिन सावकाश फिरत असेल तर साधारण १० अंश आधी, वेगात ३० अंशांच्या आसपास. ठिणगी फार लवकर पडली तर खटखट, उशिरा पडली तर ताकद कमी, इंजिन गरम आणि पेट्रोलचा खप जास्त.

जुन्या गाडीत हा हिशेब डिस्ट्रिब्युटर करतो. आत दोन छोटी वजनं आणि स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजनं बाहेर सरकतात आणि टायमिंग पुढे जातं. शेजारचा व्हॅक्यूमचा पडदा इंजिनावरचा भार ओळखतो. चार्ल्स केटरिंग यांची बॅटरी-कॉइलची पद्धत १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली आणि पुढे कित्येक दशकं जगभरच्या गाड्या तिच्यावरच धावल्या.

पण वर्षानुवर्षांच्या वापरात स्प्रिंगा ढिल्या होतात, पडदा फाटतो. शिवाय पेट्रोलही बदललं. भारतात शिशाचं पेट्रोल २००० च्या फेब्रुवारीपासून बंद झालं आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. १९८५ साली जिप्सी बाजारात आली, तेव्हाचं इंधन वेगळं होतं. स्प्रिंगांना हे कळणार कसं?

प्रोग्रॅमेबल इग्निशनमध्ये हे काम एक छोटा संगणक करतो. क्रँकच्या पुलीवर ३६ दात्यांचं चाक बसवतात आणि त्यातला एक दाता मुद्दाम गाळतात. सेन्सर दाते मोजतो. रिकामी जागा समोर आली की क्रँक नेमका कुठे आहे ते संगणकाला कळतं. इनटेक मॅनिफोल्डमधून आलेली बारीक नळी भार सांगते. मग वेग आणि भार यांच्या तक्त्यातून ठिणगीचा अंश ठरतो. मेगाजोल्ट या प्रणालीत हा तक्ता दहा ओळी आणि दहा रकान्यांचा असतो. १२३इग्निशन हा डच डिस्ट्रिब्युटर जुन्याच्या जागी बसतो; त्याच्या ब्लूटूथ प्रकाराचा तक्ता मोबाइलवरून बदलता येतो.

चंद्रपूरकडच्या गाडीसाठी खरा फायदा इथेच आहे. तापलेल्या इंजिनावर, कमी वेगात आणि जास्त भारात दोन-तीन अंश मागे घ्यायचे. मोकळ्या रस्त्यावर, हलक्या भारात पुढे न्यायचे. स्प्रिंगेत इतकी बारीक सोय नसते.

बसवताना घाई नको. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, कॉम्प्रेशन आणि कार्ब्युरेटर आधी नीट करावेत. झिजलेल्या इंजिनाला कुठलाही तक्ता तारत नाही. प्लग आणि केबल रेझिस्टर असलेलेच घ्यावेत, नाहीतर ठिणगीच्या विद्युत गोंगाटाने संगणक गोंधळतो. कॉइलचा रोध किटला जुळतो का, तेही पाहावं. मग संगणकात टायमिंग १० अंशांवर बांधून ठेवायचं आणि टायमिंग लाइटचा झोत पुलीवर टाकायचा. पुलीवरची खूणही १० अंशच दाखवत असेल, तरच पुढचे आकडे भरायचे. ही तपासणी चुकवली, तर तक्त्यातला प्रत्येक आकडा खोटा ठरतो.

गडचिरोलीत आणखी एक प्रश्न येतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तिथे जुन्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट बिघडले तर काचपेपर आणि फिलर गेजवर काम भागतं. संगणक जळला तर रस्त्यात दुरुस्ती नाही. मेगाजोल्टसोबत ठिणगी देण्याचं काम करणाऱ्या फोर्डच्या ईडीआयएस मॉड्यूलमध्ये यावर थोडी सोय आहे: मेगाजोल्टकडून येणारा संदेश तुटला, तर ते १० अंशांवर ठिणगी देत राहतं आणि गाडी सावकाश का होईना घरी येते. मात्र मॉड्यूलच गेलं तर तोही आधार नाही. म्हणून जुना डिस्ट्रिब्युटर, पॉइंट-कंडेन्सर आणि कॉइल भंगारात न देता गाडीतच ठेवावेत आणि वायरिंग परत जोडता येईल असं करावं.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी न जुळणाऱ्या बदलांवर बंधन घालतं. त्यामुळे किट मागवण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्यावं आणि काम झाल्यावर पीयूसी तपासणी पुन्हा करून घ्यावी.