नागीण, गेरू आणि ७२ तास

आमच्या माळव्यातील मराठी घरांत ‘नागीण झाली’ म्हटले की आधी गेरू उगाळला जातो आणि मग डॉक्टरांची आठवण होते. तोंड आणि शेपटी जुळली की रोगी दगावतो, ही समजूत शिकल्यासवरल्या मंडळींतही टिकून आहे. वस्तुतः बालपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जारज्जूलगतच्या गंडिकेत वर्षानुवर्षे सुप्त राहतो आणि बहुधा एकाच मज्जातंतूच्या वाटेने वर येतो. म्हणून फोड शरीराच्या एकाच बाजूस उठतात. विळखा सहसा पूर्ण होतच नाही. भय बाळगावे ते गेरूत गेलेल्या दिवसांचे. अ‍ॅसायक्लोव्हिर फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर त्याचा खरा उपयोग. कपाळावर वा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर डोळाच पणाला लागतो. तेथे ७२ तास उलटले तरी औषध टाळू नये.

हे औषध मोठे चतुर आहे. विषाणूचेच थायमिडीन कायनेज हे विकर त्याला पहिला फॉस्फेट जोडते, तेव्हा ते जागे होते; निरोगी पेशीत ते जवळजवळ निद्रिस्तच. ज्या संशोधनातून ते निघाले, त्याच्या अध्वर्यू गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळाले. (पीएच.डी. मात्र त्यांना पुरी करता आली नव्हती!)

परंतु माझी चूक नोंदविल्याविना हे लेखन प्रामाणिक ठरणार नाही. सत्तरी उलटलेल्या एक मधुमेही काकू दुसऱ्याच दिवशी आल्या. त्या वेळेत आल्या या आनंदात मी ठरीव मात्रा लिहून दिली: ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. क्रिएटिनीन पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी त्या असंबद्ध बोलू लागल्या, हात थरथरू लागले. ‘नागीण डोक्यात चढली’, सूनबाई म्हणाल्या. मेंदूला संसर्ग झाल्याची शंका तपासण्यांनी फिटली. चढले होते माझे औषध. दुर्बल मूत्रपिंडांतून ते बाहेर पडेना. ते थांबविले, सलाइन लावले. काही दिवसांत काकू भानावर आल्या. मुलाला मी खरे कारण सांगितले. तो काहीच बोलला नाही.

पन्नाशीनंतर घ्यावयाची दोन मात्रांची लस २०२३ पासून भारतात मिळू लागली आहे. महाग आहे, तरी मी सुचवितो.

पुढे त्या मुलाच्या आत्याला नागीण झाली. तो तिला पहिल्याच दिवशी घेऊन आला, क्रिएटिनीनचा रिपोर्ट हातात धरून.