चारवरच चालणारा ब्लोअर

ताम्हिणी घाट, जुलैचा पाऊस आणि समोरची काच आतून दुधासारखी पांढरी. ब्लोअरचं बटण एकवर नेलं, काही नाही. दोनवर नाही, तीनवरही नाही. चारवर मात्र हवेचा असा लोट सुटला की काच बघता बघता स्वच्छ झाली आणि मागच्या सीटवरून आई शाल ओढत म्हणाली, "अगं, जरा कमी कर की ते." कमी करता येत नव्हतं. मुळशीपर्यंत आम्ही कधी कुडकुडत, कधी रुमालाने काच पुसत आलो.

पुण्यात एसीचं काम करणाऱ्या मेकॅनिकदादांना मी हे सगळं रंगवून सांगायला घेतलं. तिसऱ्या वाक्याला त्यांनी थांबवलं. "चारवर चालतोय ना ताई? मग मोटर जिवंत आहे. रजिस्टर गेला." गाडीला अजून त्यांचा हातसुद्धा लागला नव्हता.

रजिस्टर म्हणजे रेझिस्टर. शाळेच्या हजेरीशी त्याचा संबंध नाही, एवढं कळायला मला थोडा वेळ लागला.

ब्लोअर गाडीत नेमका कुठे असतो, हे तो बंद पडेपर्यंत कुणी विचारत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो डावीकडे, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली असतो. बारा व्होल्टची साधी डीसी मोटर आणि तिच्या दांड्यावर एक प्लास्टिकचं चाक, कडेने उभ्या बारीक पट्ट्या लावलेल्या पोकळ डब्यासारखं. मधून हवा ओढायची आणि कडेने फेकायची, एवढंच त्याचं काम. हवा गार हवी की गरम, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पुढे एसीची गार जाळी असते आणि हीटरचा छोटा रेडिएटरही असतो, ज्यातून इंजिनाचं गरम पाणी खेळतं. वारा दोन्हीकडे एकाच पंख्याचा. थंड मुलखातले लोक म्हणून त्याला हीटरचा पंखा म्हणतात आणि आपण एसीचा.

मोटारीतल्या हवेचा इतिहासही या पंख्याभोवतीच फिरतो. अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३८ साली पंख्याने बाहेरची हवा आत घेऊन, गाळून, गरम करून सोडायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी पॅकार्डने एसी असलेली गाडी दाखवली. तिची अर्धी डिकी त्या यंत्रानेच खाल्ली होती. आत बसणाऱ्याच्या हाती होतं फक्त ब्लोअरचं बटण. एसी पुरता बंद करायचा तर गाडी थांबवा, बॉनेट उघडा आणि कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने काढा. आपल्याकडच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीला या भानगडी ठाऊकच नव्हत्या. पुढच्या दारातली ती तिकोनी काच तिरकी केली की झाला ब्लोअर.

आता रेझिस्टर. मोटरला स्वतःहून हळू फिरता येत नाही. पूर्ण व्होल्टेज मिळालं की ती पूर्ण वेगाने फिरते. वेग कमी करायचा तर विजेच्या वाटेत अडथळा घालावा लागतो आणि तो अडथळा म्हणजे एका पट्टीवर बसवलेली तारेची दोनतीन वेटोळी. एक नंबरवर वीज सगळ्या वेटोळ्यांतून जाते, दोनवर त्याहून कमी, तीनवर आणखी कमी. चारवर वाटेत एकही वेटोळं नसतं. म्हणून रेझिस्टर जळून गेला तरी चार नंबर चालतो, आणि म्हणूनच दादांना बॉनेट उघडायची गरज पडली नव्हती.

अडवलेल्या विजेची उष्णता होते. एकवर मोटर समजा चार अँपिअर ओढते आहे आणि बारापैकी आठ व्होल्ट रेझिस्टरच गिळतो आहे. म्हणजे बत्तीस वॅट तार तापवण्यात गेले आणि मोटरच्या वाट्याला जेमतेम सोळा आले. बत्तीस वॅट म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्नएवढी धग, आणि तीही प्लास्टिकच्या नळीत. ती निवावी म्हणून रेझिस्टर मुद्दाम ब्लोअरच्याच वाऱ्यात बसवतात. ज्या मोटरला तो आवरतो, तिच्याच वाऱ्यावर तो जगतो. वारा कमी पडला की तो तापतो, आणि फार तापला की पट्टीवरचा थर्मल फ्यूज वितळून वाट तोडतो.

दादांचा पुढचा प्रश्न होता, "आवाज येत होता का आधी?"

येत होता की. हिवाळ्यात सकाळी गाडी सुरू केली की डॅशबोर्डाच्या आत चिमणी चिवचिवल्यासारखा. दहा मिनिटांत थांबायचा, म्हणून मी त्याला गाडीचा स्वभाव समजले होते.

"तीच मोटर. बुश सुकलाय. रजिस्टर मेला खरा, पण मारला मोटरने."

बुश म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो ते कडं. दादांच्या या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहिते आहे. जड फिरणारी मोटर जास्त करंट ओढते, त्यामुळे रेझिस्टर जास्त तापतो. ती हळू फिरते म्हणून वाराही कमी देते, त्यामुळे तो निवत नाही. मार दोन्ही बाजूंनी. अशा वेळी नुसता नवा रेझिस्टर टाकला तर चारही नंबर चालू होतात, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि काही महिन्यांनी तीच तक्रार घेऊन परत येतं.

त्यांनी ग्लोव्ह बॉक्स सोडवला, मोटरच्या दोन तारांपैकी एकीभोवती क्लॅम्प मीटरचा चिमटा लावला आणि चार नंबर दिला. आकडा मला दाखवून म्हणाले, "एवढा नाही ओढायला पाहिजे हिने." रेझिस्टरला तारा जोडणारा कपलर काढला तर त्याची एक पिन तपकिरी पडली होती आणि भोवतीचं प्लास्टिक पापडासारखं फुगलं होतं. ढिली पिन तापते, तापली की आणखी ढिली होते. जुना कपलर नव्या रेझिस्टरला लावणं म्हणजे दुखणं पुढच्याला देणं.

ब्लोअर एकाही नंबरवर फिरत नसेल तर तपासणीची वाट वेगळी. आधी फ्यूज आणि रिले, मग मोटरपर्यंत वीज पोचते का ते. इथे नवशिके फसतात. पुष्कळ गाड्यांत चावी दिली की मोटरच्या एका तारेवर बारा व्होल्ट कायम असतात आणि रेझिस्टर, बटण सगळं अर्थिंगच्या बाजूला. त्या एका तारेवरचे बारा पाहून मोटरला दोष देऊ नये, मीटर दोन्ही तारांमध्ये धरावा. दोन्हींमध्ये पूर्ण व्होल्टेज आहे आणि तरी मोटर ढिम्म, तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने तिला हलकेच टकटक करायचं. दचकून फिरू लागली तर तिचे कार्बन ब्रश झिजलेत. मधलाच एखादा नंबर गायब असेल तर बटणाच्या आतला संपर्क किंवा तेवढं एक वेटोळं. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाड्यांत वेटोळ्यांऐवजी ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल असतं. तिथे चार नंबरचा हा दाखला उपयोगाचा नाही.

थर्मल फ्यूज गेला की त्याच्यावरून तारेचा तुकडा सोल्डर करून देणारेही भेटतात. स्वस्तात काम होतं. हे किती महाग पडू शकतं ते ब्रिटनने पाहिलं आहे. व्हॉक्सहॉलच्या झाफिरा बी गाड्या पेटण्याच्या घटना २०१५ साली तिथे गाजल्या. क्लायमेट कंट्रोल ऑटोमॅटिक नसलेल्या, म्हणजे रेझिस्टरवाल्या या गाड्या. कंपनीने आधी बोट दाखवलं ते रेझिस्टरच्या आणि थर्मल फ्यूजच्या चुकीच्या दुरुस्तीकडे, आणि सुमारे २ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या. त्यानंतरही गाड्या पेटल्या. मग २०१६ मध्ये त्यांना पुन्हा बोलावणं गेलं. या वेळी मोटरही बदलायची होती, कारण ओलाव्याने गंजून ती अडकली की उष्णता वाढत होती. संसदेच्या वाहतूक समितीने कंपनीच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून जाब विचारला. आमच्या दादांनी झाफिराचं नावही ऐकलेलं नसेल, पण ती कंपनी दुसऱ्या खेपेला जिथे पोचली तिथे ते चिवचिवाटावरून पोचले होते.

"बुशला तेल सोडलं तर?" मी काटकसरीचा शेवटचा प्रयत्न करून पाहिला.

"महिनाभर गप बसेल. मग पुन्हा घाटातच ओरडेल."

तीन स्क्रू काढल्यावर मोटर चाकासकट खाली उतरली, आणि तिच्यामागून पायपुसण्यावर मूठभर कचरा. काचेच्या खाली, वायपर टेकतात तिथल्या जाळीतून ब्लोअर बाहेरची हवा घेतो. मोठं पान त्या जाळीवर अडतं, गुलमोहराची तांदळाएवढी पानं मात्र सरळ आत जातात. माझ्या गाडीत केबिन फिल्टरची नुसती रिकामी खाच होती, फिल्टर कधी बसवलाच नव्हता. पानं चाकाच्या पट्ट्यांत अडकून वाळली होती. चाकाचा तोल गेला, थरथर वाढली, बुश झिजला.

नवी मोटर, नवा रेझिस्टर, तारेच्या तुकड्यासकट नवा कपलर आणि त्या खाचेत फिल्टर. दादांनी बटण एकवर ठेवलं. आवाज इतका बारीक की हात जाळीपाशी नेऊन हवा येते आहे याची खात्री करावी लागली.

"गुलमोहराखाली लावता काय गाडी?" त्यांनी विचारलं. आता नाही लावत. जुन्या ऑफिसच्या फाटकापाशी एक होता, आणि ती नोकरी सोडून मला सहा वर्षं झाली.