नाशिकचा काळा फत्तर समुद्रात उभा राहतो तेव्हा

मुरूडच्या सहलीला निघण्याआधी आम्ही मुलांना ‘जंजिरा’ या नावाचा अर्थ विचारतो. उर्दू माध्यमातली मुलं लगेच सांगतात, ‘जज़ीरा’, म्हणजे बेट. अरबीतला हा शब्द मराठी तोंडी बसताना जंजिरा झाला. सिद्दींनी या बेटावर किल्ला बांधला, 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन होईपर्यंत तो त्यांच्याकडेच राहिला. इतिहासाचा तास इथं संपतो. पण चारी बाजूंनी लाटा आदळत असताना हा खडक मुळात उरला कसा? हा प्रश्न भूगोलाचा, आमच्या जुग्राफियाचा.

उत्तर आपल्या नाशिकपासूनच सुरू होतं. पांडवलेणी ज्या दगडात कोरली आहेत, ब्रह्मगिरीचे कडे ज्या दगडाचे आहेत, तो बेसाल्ट म्हणजे आपला काळा फत्तर. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर साचले. तेच थर सह्याद्री उतरून थेट समुद्रापर्यंत गेलेत. कोकणात त्याला कातळ म्हणतात, एवढाच फरक.

मुलांचा समज असतो की काळा दगड म्हणजे सगळीकडे सारखाच टणक. तसं नाही. एखादा थर भरीव असतो, तर एखाद्यात वायूच्या बुडबुड्यांची भोकंच भोकं. लाव्हा थंड होताना आकसला, म्हणून उभ्या भेगा पडल्या. दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल, मातीसारखा मऊ पट्टा असतो. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं तो बसमधूनही दिसतो.

समुद्र नेमकी हीच कमजोर जागा धरतो. लाट भेगेत शिरते, आतली हवा दाबली जाते, लाट मागे फिरली की ती हवा एकदम सुटते. रोज हजारो वेळा असं झाल्यावर भेग रुंदावते. वाळू आणि गोटे कानशीसारखे घासतात. खारं पाणी दगडाच्या छिद्रांत वाळतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि कण कण सुटतो. हरिहरेश्वरला कड्याच्या पायथ्याशी मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेला दगड दिसतो, ती मुख्यतः या मिठाची करामत. तिथंच कड्यापुढे सपाट कातळी ओटा पसरलाय. पुस्तकात त्याला तरंगघर्षित मंच म्हटलंय. कडा तळातून पोखरला जातो, वरचा भाग कोसळतो, कडा मागे सरकतो आणि पायथ्याचा ओटा तेवढा उरतो.

जंजिऱ्याचं गणितही असंच. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. बर्फ वितळला, पाणी चढलं, नद्यांची मुखं बुडाली. राजपुरीची खाडी त्यातलीच. आजूबाजूचं मऊ आणि सखल ते गेलं, घट्ट आणि उंच ते बेट म्हणून राहिलं. आपल्यापैकी अनेकजण हाजीअलीला जाऊन आलेत. तिथला दर्गाही वरळीजवळच्या अशाच एका खडकावर आहे, आणि ओहोटीला दर्ग्याभोवतीचा काळा कातळ उघडा पडतो.

रत्नागिरीकडे खाली गेलं की चित्र बदलतं. तिथं बेसाल्टच्या माथ्यावर तांबड्या जांभ्याची टोपी आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, म्हणून घराचे चिरे त्याचेच. पण जांभ्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी मऊ चिकणमातीचा थर असतो. लाटा आणि पावसाचं पाणी तो आधी धुऊन नेतात आणि वरची टोपी मोठमोठ्या तुकड्यांनी कोसळते. कड्याच्या टोकाला घर बांधणाऱ्याला समुद्राचं दर्शन छान होतं, पायाखाली काय आहे ते मात्र दिसत नाही.

दोन भूशिरांच्या मधल्या भागात लाटांचा जोर कमी होतो, तिथं वाळू साचते. ही पुळण. मुरूडचा किनारा असाच, अर्धचंद्रासारखा आणि उतार अगदी कमी. उतार कमी असला की ओहोटीला पाणी खूप मागे जातं आणि माणूस सहज लांबवर चालत जातो. भरतीला तेच पाणी झपाट्याने परत येतं. कधी वाळूच्या उंचवट्यामागचे खोलगट भाग आधी भरतात, म्हणजे पाणी समोरून दिसण्याआधी पाठीमागे आलेलं असतं. हरिहरेश्वरच्या ओट्यावर धोका वेगळा: शेवाळाने निसरडा झालेला कातळ आणि अचानक वर चढणारी मोठी लाट.

1 फेब्रुवारी 2016 रोजी याच मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका कॉलेजचे 14 विद्यार्थी बुडाले. सहलीलाच आले होते ते. नाशिकची मुलं गोदावरी पाहत वाढतात. नदीला पूर येतो, पण ती दिवसातून दोनदा चढत-उतरत नाही. त्यामुळे भरती-ओहोटी हा आपल्या मुलांसाठी केवळ दोन मार्कांचा प्रश्न राहतो.

आमच्या शाळेत पालकांना सहलीची चिठ्ठी जाते, तीत बसची वेळ, डब्याची सूचना, वर्गणी असं सगळं असतं. यंदापासून बसच्या वेळेखाली त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळही छापायची आणि किनाऱ्यावरचा कार्यक्रम तिच्यानुसार लावायचा, असं आम्ही शिक्षकांनी ठरवलंय.