मुठीतील नकाशा

कॅरिबियन समुद्रात हिस्पॅनिओला नावाचे एक बेट आहे. त्याच्या पश्चिम भागात हैती हा छोटासा देश वसलेला असून पोर्ट-ओ-प्रिन्स ही त्याची राजधानी आहे. पुणे आणि पोर्ट-ओ-प्रिन्स यांच्यामध्ये हजारो किलोमीटरांचे अंतर आहे. परंतु दोन्ही शहरांचे अक्षांश मात्र जवळजवळ सारखे, म्हणजे सुमारे साडेअठरा अंश उत्तर असे आहेत. १२ जानेवारी २०१० रोजी सायंकाळी, पाच वाजण्यास सात मिनिटे असताना, या शहराची भूमी प्रचंड हादऱ्याने कापू लागली. पाहता पाहता हजारो घरे जमीनदोस्त झाली. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद ढासळला. शाळा, कचेऱ्या, रुग्णालये कोसळली. असंख्य माणसे ढिगाऱ्यांखाली गाडली गेली आणि दहा लाखांहून अधिक लोक बेघर झाले.

ही वार्ता कळताच देशोदेशींची बचावपथके हैतीकडे धावली. ढिगाऱ्याखाली अडकलेला मनुष्य अन्नपाण्यावाचून फार काळ तग धरू शकत नाही. त्यामुळे पहिले दोनतीन दिवस अत्यंत मोलाचे असतात. परंतु त्या पथकांपुढे एक मोठीच अडचण उभी राहिली. हे शहर त्यांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. कोणती गल्ली कोठे जाते, रुग्णालय कोणत्या बाजूस आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. ओळखीच्या खुणा म्हणून ज्या इमारती सांगाव्यात, त्याच नाहीशा झाल्या होत्या. दूरध्वनीची यंत्रणा विस्कळीत झाली होती. देशाचे नकाशे जेथे तयार होत, त्या सरकारी संस्थेची इमारतही कोसळली होती. मदत करणारे हात होते, साधनेही होती. नव्हता तो एक चांगला नकाशा.

या पथकांजवळ तळहातावर मावतील अशी छोटी यंत्रे होती. त्यांना जीपीएस यंत्रे असे म्हणतात. आपण पृथ्वीच्या पाठीवर नेमके कोठे आहोत, हे ते यंत्र सांगते. ते हे कसे ओळखते, हे समजून घेण्यासारखे आहे.

पावसाळ्यात वीज चमकते आणि काही वेळाने गडगडाट ऐकू येतो. हा मधला वेळ मोजला असता वीज किती दूर चमकली, हे सांगता येते. ध्वनीला एक किलोमीटर अंतर काटण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून सहा सेकंदांनी गडगडाट झाला, तर वीज दोन किलोमीटरांवर चमकली असे समजावे. जीपीएस यंत्राचे तत्त्व हेच आहे. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून काही उपग्रह सतत प्रदक्षिणा घालीत असतात. प्रत्येक उपग्रहावर अत्यंत अचूक अशी आण्विक घड्याळे बसविलेली असतात. ‘मी अमुक उपग्रह, अमुक ठिकाणी आहे आणि आता अमुक वेळ झाली आहे,’ असा संदेश तो रेडिओलहरींच्या द्वारे अखंड पाठवीत असतो. या लहरी एका सेकंदात सुमारे ३ लक्ष किलोमीटर धावतात. संदेश निघाला केव्हा आणि पोहोचला केव्हा, यांतील अंतरावरून उपग्रह किती दूर आहे, हे हातातील यंत्र काढते.

परंतु एकाच उपग्रहाचे अंतर कळून भागत नाही. एखादे ठिकाण एका गावापासून दहा किलोमीटरांवर आहे, एवढेच सांगितले, तर ते त्या गावाभोवतीच्या वर्तुळावर कोठेही असू शकेल. दुसऱ्या गावापासूनचे अंतर कळले, तर दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात तेथे दोनच जागा उरतात. तिसऱ्या गावापासूनचे अंतर समजले, की त्या दोहोंतील खरी जागा कोणती, हे निश्चित होते. उपग्रहांचेही तसेच. मात्र हातातील यंत्रात साधे घड्याळ असते आणि सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाइतकी चूक झाली, तरी अंतरात तीनशे मीटरांचा फरक पडतो. ही चूक दुरुस्त करण्यासाठी चौथ्या उपग्रहाचे साहाय्य घ्यावे लागते. अशा रीतीने किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, म्हणजे यंत्राला आपले स्थान कळते.

ही योजना अमेरिकेने आखली. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली आकाशात गेला आणि २४ उपग्रहांची पूर्ण मालिका १९९५ मध्ये कामास लागली. प्रारंभी सर्वसामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम थोडी चूक मिसळलेली असे. त्यामुळे स्थान शंभर मीटरांपर्यंत इकडेतिकडे होई. २ मे २००० रोजी ही पद्धत बंद करण्यात आली आणि साध्या यंत्रालाही काही मीटरांपर्यंत अचूक स्थान सांगता येऊ लागले. विशेष म्हणजे हे यंत्र स्वतः उपग्रहांना काहीच कळवीत नाही. ते केवळ ऐकते. त्याला तारेची, मनोऱ्याची किंवा दूरध्वनीची गरज नसते. म्हणूनच भूकंपाने सारी दळणवळणाची साधने मोडली, तरी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये ही यंत्रे बिनतक्रार चालू होती.

मग अडचण कोणती होती? यंत्र सांगत होते ते दोन आकडे : अमुक उत्तर अक्षांश आणि अमुक पश्चिम रेखांश. एखाद्या मनुष्याला डोळे बांधून अपरिचित गावात नेऊन सोडले आणि त्याचे अक्षांश-रेखांश त्याच्या कानात सांगितले, तर त्याला नदी कोणीकडे आणि धर्मशाळा कोणीकडे हे कसे कळावे? त्या आकड्यांना अर्थ येण्यासाठी त्यांच्याखाली नकाशा पसरलेला असावा लागतो. यंत्रात कारखान्यातूनच एक नकाशा भरलेला असतो, हे खरे. परंतु त्यात बहुधा मोठी शहरे आणि प्रमुख हमरस्ते एवढेच दाखविलेले असतात. गल्लीबोळांचा त्यात पत्ता नसतो. म्हणून ज्या प्रदेशात जावयाचे, तेथील तपशीलवार नकाशा यंत्रात निराळा भरावा लागतो.

असा नकाशा हैतीसाठी तयार कोणी केला? २००४ साली इंग्लंडमध्ये ‘ओपन स्ट्रीट मॅप’ नावाचा एक उपक्रम सुरू झाला. सर्वांनी मिळून जगाचा नकाशा काढावा आणि तो सर्वांना विनामूल्य वापरता यावा, ही त्यामागील कल्पना. भूकंप होताच या उपक्रमातील स्वयंसेवक आपापल्या देशांत, आपापल्या घरी संगणकापुढे बसले. आकाशातून घेतलेली शहराची ताजी छायाचित्रे त्यांना उपलब्ध करून देण्यात आली होती. त्या छायाचित्रांवरून त्यांनी एकेक रस्ता, एकेक पाऊलवाट, एकेक पूल रेखाटण्यास आरंभ केला. कोसळलेल्या इमारती आणि बेघरांनी उभारलेल्या तंबूंच्या वसाहतीही त्यांनी नोंदविल्या. छायाचित्रात रस्ता दिसतो, पण त्याचे नाव दिसत नाही; ती नावे जुन्या नकाशांवरून घेतली गेली. परदेशांत स्थायिक झालेल्या हैतीवासीयांनीही आपल्या शहरातील ठिकाणे ओळखून देण्यास हातभार लावला. सहाशेहून अधिक लोक या कामी राबले. त्यांतील बहुतेकांनी हैतीच्या भूमीवर कधी पाऊलही ठेवले नव्हते. भूकंपापूर्वी ज्या जागी काही थोड्या रेघा होत्या, तेथे थोड्याच दिवसांत गजबजलेल्या शहराचा बारीकसारीक नकाशा उभा राहिला.

हा नकाशा कागदावर काढलेल्या चित्रासारखा नसतो. त्यातील रस्ता म्हणजे ओळीने मांडलेल्या बिंदूंची एक माळ असते. सरळ रस्त्याला दोन बिंदू पुरतात; वळणावळणाच्या घाटाला पुष्कळ बिंदू लागतात. प्रत्येक माळेसोबत तो हमरस्ता आहे की पाऊलवाट, त्याचे नाव काय, ही माहिती जोडलेली असते. चित्र साठविण्यास जितकी जागा लागते, त्याहून या आकड्यांना पुष्कळच कमी जागा लागते. म्हणूनच एवढ्याशा यंत्रात संपूर्ण देश मावू शकतो.

आता हा नकाशा यंत्रात भरावयाचा कसा? प्रथम जगाच्या त्या प्रचंड भांडारातून हव्या त्या प्रदेशाची माहिती वेगळी काढावी लागते. नंतर तिचे लहान लहान चौकोनी तुकडे पाडतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे जसे निरनिराळ्या पत्रकांत विभागलेले असतात, तसेच हे तुकडे असतात. यंत्राला ज्या वेळी जो तुकडा हवा, तेवढाच ते उघडते. त्यानंतर ही माहिती यंत्राच्या भाषेत उतरवावी लागते. अनेक पथकांजवळ गार्मिन कंपनीची यंत्रे होती. त्या यंत्रांतील नकाशांची अंतर्गत रचना कंपनीने प्रसिद्ध केलेली नव्हती. परंतु काही जिज्ञासू मंडळींनी चिकाटीने अभ्यास करून ती उलगडली होती आणि असे रूपांतर करणारी संगणकप्रणाली सर्वांसाठी खुली ठेवली होती. तिच्या साहाय्याने सर्व तुकडे एकाच फाइलमध्ये बांधले जातात.

ही फाइल तारेने किंवा नखाएवढ्या मेमरी कार्डावरून यंत्रात उतरवितात. येथे काळजी घ्यावी लागते ती अशी, की पुष्कळ जुनी यंत्रे एका ठरावीक नावाचीच फाइल ओळखतात. त्या नावाची दुसरी फाइल तेथे पूर्वीच असेल, तर नवी फाइल तिच्या जागी बसते आणि जुना नकाशा पुसला जातो. म्हणून जुनी फाइल आधी संगणकावर जपून ठेवणे हिताचे असते. नकाशा भरल्यावर यंत्र पुन्हा सुरू करावे, नकाशांच्या यादीत नवा नकाशा निवडावा आणि मग ज्या ठिकाणी जावयाचे, ते ठिकाण पडद्यावर आणून तेथील गल्ल्या दिसतात की नाहीत, याची खात्री करून घ्यावी. ही खात्री घरीच करावयाची असते. संकटाच्या जागी पोहोचल्यावर नव्हे.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स परगण्याचे एक शोध व बचाव पथक हैतीला गेले होते. या पथकाच्या यंत्रांत स्वयंसेवकांनी केलेला हा नकाशा भरण्यात आला. तसे कळविणारा आभाराचा निरोप पथकाच्या बाजूने नकाशा करणाऱ्यांना आला आणि इतर पथकांनाही या नकाशाची माहिती देत असल्याचे त्यात सांगितले होते. नकाशात रोज नवी भर पडत होती. त्यामुळे फाइलही पुनःपुन्हा नव्याने तयार करण्यात येत होती.

तथापि नकाशा म्हणजे प्रत्यक्ष भूमी नव्हे. काल मोकळा असलेला रस्ता आज दगडविटांनी बुजलेला असू शकतो. रेखाटणाऱ्याच्या नजरेतून एखादा पूल निसटू शकतो. उंच भिंतींच्या किंवा खोल दरीच्या आडोशाला उपग्रहांचे संदेश नीट पोहोचत नाहीत आणि यंत्रातील बॅटरी संपली, तर सारेच थांबते. म्हणून शहाणा वाटाड्या यंत्राकडे पाहतो, तसाच समोरच्या वाटेकडेही पाहतो, आणि कागदाचा नकाशाही जवळ बाळगतो.

आज साध्या मोबाइल फोनमध्येही उपग्रहांचे संदेश ऐकण्याची सोय असते. परंतु त्याच्या पडद्यावरील नकाशा बहुधा इंटरनेटवरून येतो. सह्याद्रीच्या अनेक दऱ्याखोऱ्यांत इंटरनेट पोहोचत नाही. तेथे फोनला आपले स्थान कळते, पण नकाशाच्या जागी कोरा पडदा दिसतो. गडकिल्ल्यांवर जाणाऱ्याने निघण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये किंवा जीपीएस यंत्रात भरून ठेवला, तर हा प्रसंग टळतो. महाराष्ट्रातील कित्येक गावे, ओढे आणि डोंगरवाटाही स्वयंसेवकांनी या सामायिक नकाशात नोंदविल्या असून, त्यांतील पुष्कळ नावे देवनागरी लिपीत वाचता येतात. अद्याप नोंदविण्याच्या राहिलेल्या वाटाही अनेक आहेत.

उपग्रह उंच आकाशातून केवळ वेळ सांगतात. त्या वेळेवरून यंत्र दोन आकडे काढते. त्या आकड्यांजवळून जाणारी वाट मात्र कोणीतरी आधी पाहिलेली, ओळखलेली आणि टिपून ठेवलेली असावी लागते. हैतीमध्ये ढिगाऱ्यांतून वाट काढणाऱ्या माणसांच्या हातात तो नकाशा होता; कारण दूर कोठेतरी अनोळखी माणसे रात्री जागून त्यांच्यासाठी एकेक गल्ली रेखाटीत बसली होती.