मोती आणि अहिंसाणुव्रत

मुंबईत १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाज तिच्याविरुद्ध उभा राहिला. हिंदू आणि जैन व्यापारीही सामील झाले. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई व शेठ अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. पांजरापोळीला देणगी देणारे हात आपल्या समाजात आजही पुष्कळ आहेत. परंतु एका मुक्या जीवाला घरात घेऊन त्याचे संपूर्ण आयुष्य सांभाळणे, ही जीवदयेची अधिक कठीण कसोटी होय.

बँकेच्या नोकरीनिमित्त आम्ही पेणला राहत असताना मोती घरात आला. आई गावठी, बाप कुठल्याशा लहान केसाळ जातीचा. गणपतीच्या कारखान्याच्या पडवीत पावसाने कुडकुडत बसलेले ते पिल्लू मुलांनी छत्रीखाली घरी आणले. माझ्या आईची अट एकच : स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. मोतीने ती जन्मभर पाळली. सकाळी दूधभात, संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीच, वरणात कुस्करलेली तांदळाची भाकरी आणि पशुवैद्यांच्या सल्ल्याने थोडे पनीर. कांदा-लसूण कुत्र्यांना अपायकारक असतात. आमच्या घरी ते नसल्याने ती काळजी नव्हती. मनुका मात्र जपून ठेवाव्या लागत.

तीन वर्षांनी रोह्यास बदली झाली. "गल्लीतले कुत्रे गल्लीतच सोडा," असे अनेकांनी सुचविले. आई म्हणाली, "अन्नाला लागलेला जीव मागे टाकून जायचे नसते." सामानाच्या टेंपोतून मोतीही रोह्याला आला आणि कुंडलिकेच्या काठी रमला.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. दुकानाबाहेर दिवसभर साखळीला जखडलेले, शोभेसाठी शेपटी कापलेले, मालक सुटीत गावी गेल्यावर उपाशी राहिलेले कुत्रे पाहिले, की हे अतिचार आपल्या किती जवळ आहेत ते कळते.

मोती तेरा वर्षे जगला. जीवंधरकुमारांनी मरणासन्न कुत्र्याला ऐकविला, तसाच नवकार आईने शेवटच्या रात्री त्याच्या कानाशी म्हटला.

मुलांनी कुत्र्याचा हट्ट धरला, तर हजारो रुपये मोजून जातिवंत पिल्लू विकत घेण्याऐवजी गल्लीतील एखाद्या निराधार पिल्लाला आसरा द्यावा. त्यापूर्वी घरातील सर्वांनी बसून ठरवावे : रेबीजची लस वेळेवर कोण देईल, प्रवासकाळी कोण सांभाळेल, आणि बारा-चौदा वर्षे ही जबाबदारी निभावेल काय? उत्तर होकारार्थी असेल, तरच दार उघडावे. आणि उघडलेले दार पुन्हा मिटू नये.