रिओचे धाकटे अपत्य आणि पूर्णेचा खारपाणपट्टा

मलकापूरहून उत्तरेला पूर्णा नदीच्या दिशेने निघाले की काळी, खोल, भारी जमीन लागते. पाहणाऱ्याला वाटावे, इथे काय कमी आहे? पण विहिरीचे पाणी खारट. साबणाला धड फेस येत नाही आणि तेच पाणी पिकाला दिले की वाफ्यावर पांढरा थर चढतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा.

खोऱ्यात गाळाचे जाड थर साचले आहेत आणि त्यांतून निचरा जवळजवळ होत नाही. पाण्यातला सोडियम चिकणमातीचे कण विस्कटून टाकतो. ओली असली की जमीन चिखल होते, वाळली की दगड. म्हणून इथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या विहिरीपेक्षा पावसावर आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर विसंबला. खरिपात कपाशी, तूर, मूग आणि रब्बीत कोरडवाहू हरभरा.

आता थोडे दूर जाऊ. जून 1972 मध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावर पहिली मोठी जागतिक परिषद भरली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याखेरीज तिथे बोललेल्या सरकारप्रमुख एकट्या इंदिरा गांधी. गरिबी आणि पर्यावरण वेगळे काढता येत नाहीत, हा त्यांच्या भाषणाचा गाभा. त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि महाराष्ट्र दुष्काळात होरपळला.

वीस वर्षांनी, 1992 मध्ये, रिओच्या वसुंधरा परिषदेतून तीन करारांची वाट निघाली. हवामान आणि जैवविविधता या दोघांचा बोलबाला झाला. तिसरा, वाळवंटीकरणाविरुद्धचा, 17 जून 1994 रोजी पॅरिसमध्ये संमत झाला; भारताने तो 1996 मध्ये स्वीकारला. हवामान करारातली क्योटो, पॅरिस ही नावे शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात. या तिसऱ्याला मात्र कोणी विचारत नाही. 17 जूनच्या सुमारास आपल्याकडे पेरणीची धांदल असते, त्यामुळे त्याचा दिवसही बांधावर कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्या मते मलकापूरच्या कामाचा करार हाच, कारण वाळवंटीकरण म्हणजे नुसती वाळू नव्हे. कोरडवाहू मुलखातली जमीन खारावणे, धुपणे, नापीक होणे हे सगळे त्यात येते.

या कराराची चौदावी परिषद सप्टेंबर 2019 मध्ये ग्रेटर नोएडात झाली. भारताने 2030 पर्यंत 2 कोटी 60 लाख हेक्टर जमीन सुधारण्याचा शब्द दिला. इस्रोच्या नकाशासंग्रहानुसार 2018-19 मध्ये देशाची 9 कोटी 78 लाख हेक्टर, म्हणजे जवळपास तीस टक्के जमीन खालावलेली होती. शब्द मोठा खरा, पण गरजेच्या जेमतेम चौथाईला पुरणारा.

खारपाणपट्ट्यात प्रत्यक्ष पैसा आला तो दुसऱ्याच दाराने. जागतिक बँकेच्या 42 कोटी डॉलर कर्जातून 2018 मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला, आणि पूर्णा खोऱ्यातली खारपाण गावे त्यात मुद्दाम घेतली गेली. शेततळी, रुंद वरंबा सरी, तुषार संच अशी कामे त्यात आली. खारपाणपट्ट्यात शेततळ्याइतके शहाणपणाचे काम दुसरे नाही: खारट विहिरीला हात न लावता पावसाचे गोडे पाणी साठते आणि ऐन फुलोऱ्यात हरभऱ्याला एखादे संरक्षित पाणी मिळते.

मोठ्या योजनेकडेही डोळे लागले आहेतच. वैनगंगेचे पाणी चारशेहून अधिक किलोमीटर कालव्याने बुलढाणा जिल्ह्यातल्या नळगंगेपर्यंत आणायचे आहे. ते येईल तेव्हा येवो. पण निचऱ्याची सोय न करता या मातीत कालवा सोडला, तर खार वरच येईल. तेव्हा चर आणि निचऱ्याचा आराखडा कालव्याच्या आधी मागा. आणि यंदा रब्बीला विहिरीची मोटर सुरू करण्यापूर्वी पाणी व माती तपासून घ्या. सोडियम हटवायला जिप्सम किती टाकायचे, हे त्या अहवालावरूनच ठरते.